ढोबळी, मूग आणि माठाजवळची जागा

२८ एप्रिल

“ह्या घरात जागा भरपूर हाय, पर बसायची जागा एकच हाय.”

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला असं म्हणाल्या होत्या. मी माठाजवळ टेकले होते. तिथली शहाबादी फरशी माठाच्या पाझरानं कायम गार असते आणि मागच्या दाराची झुळूकही नेमकी तिथंच येते. ती त्यांची जागा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उठले. आता माझी लेक एम.एस्सी. करते आहे आणि मी अजून त्या जागेवर बसलेली नाही.

आज हे आठवायचं कारण दोन बेडूक.

मंजुश्रीनं, माझ्या लेकीनं, ते कडगंचीच्या विद्यापीठातून आणले. काचेच्या पेटीत, बसमध्ये मांडीवर घेऊन, वरून ओढणी झाकून. वसतिगृहात खोल्यांची तपासणी होणार आहे, आणि त्यानंतर तिला हैदराबादला प्रयोगशाळेत काम आहे. “जुलैपर्यंत फक्त, मम्मी.” हे झाडावर राहणारे बेडूक आहेत, मूळ परदेशातले, पण हैदराबादेतच जन्मलेले. मोठी मादी, तिचं नाव ढोबळी, ढोबळ्या मिरचीवरून. छोटा नर, त्याचं नाव मूग. पेटीला ऊन नको, गारवा हवा, वाऱ्याचा थेट झोत नको. मादन हिप्परग्यात एप्रिल महिन्यात असं ठिकाण म्हणजे आमच्या घरातला तो एकच कोपरा. पेटी माठाच्या शेजारी स्टुलावर ठेवली. आत्या तिच्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघत बसल्या आहेत.

बोरच्या पाण्यातला क्षार बेडकांच्या कातडीला सोसत नाही, म्हणून पाण्याचा जार मागवावा लागला.

“माणसानं बोरचं खारट प्यावं आन् बेडकाला जारचं,” आत्या म्हणाल्या. “कुठल्या राजाचे जावई हायती हे?”

पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं मला पटलं. बोलून मात्र दाखवलं नाही.

३ मे

बेडूक मेलेलं काही खात नाहीत. हललं तरच खातात. मंजूनं दिलेले किडे संपले आणि आज मी, मराठी शाळेतली मोठी बाई, न्हाणीघरात चप्पल हातात घेऊन झुरळाच्या मागं फिरत होते, आणि चप्पल मारायचीही नाही, झुरळ जिवंत हवं. आत्या दारात उभ्या राहून सांगत होत्या की ते बादलीखाली गेलं, न्हाई, आता मोरीकडं गेलं. शेवटी काचेच्या बरणीत धरलं. ढोबळीनं जीभ काढून ते एका क्षणात गिळलं आणि गिळताना डोळे आत ओढले, जणू मोठे उपकार केले माझ्यावर. मुगाला काहीच मिळालं नाही. पुन्हा चप्पल.

सुट्टीत वाचायला आणलेली पुस्तकं तशीच पडली आहेत.

९ मे

पेटीत तीन फांद्या आहेत, एक प्लॅस्टिकचं मोठं पान आहे, नारळाची करवंटी आहे. आणि हे दोघं कोपऱ्यात एकावर एक. ढोबळी मुगाच्या डोक्यावर पाय ठेवून बसते. अक्षरशः डोक्यावर. तो डोळे अर्धे मिटून खाली पसरलेला असतो. मी बोटानं ढोबळीला हलवून फांदीवर ठेवलं. तासाभरात परत त्याच्या डोक्यावर.

आत्यांचं मत असं की ते नवराबायको आहेत. मी म्हटलं, मग बायको अशी डोक्यावर बसते का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पुन्हा पेटीकडे.

संध्याकाळी मंजूला फोनवर विचारलं. ती हसली. “मम्मी, माया-बिया काही नसते त्यांच्यात. ओलावा जिथं तिथं ते जातात. तशी जागा एकच असली की एकावर एक बसतात.”

मी म्हटलं, हे मला आधीपासून ठाऊक आहे.

एकटे राहू शकतात का, हेही विचारलं. आरामात राहतात म्हणे. सोबत असली तर चालते, नसली तरी काही बिघडत नाही. माझी लेक हे असं ठामपणे सांगते की वाटतं ती बेडकांबद्दल बोलत नसावी. पण ती बेडकांबद्दलच बोलत होती. ती तशी सरळ आहे, वडिलांवर गेली आहे.

मनातल्या मनात मी ढोबळीला आत्या म्हणायला लागले आहे. हे ह्या वहीबाहेर जायला नको.

१७ मे

आज मूग पहिल्यांदा ओरडला. आत्या माठाजवळ बसून खलबत्त्यात कारळ कुटत होत्या. ठक ठक ठक. आणि पेटीतून एकदम आवाज, कुणी जुनं लोखंडी गेट ओढावं तसा. आत्या थांबल्या. तो थांबला. त्यांनी पुन्हा कुटायला घेतलं. तो पुन्हा.

“हे मला शिव्या द्यायलंय,” आत्या म्हणाल्या.

एवढ्याशा गळ्याची पिशवी केवढी फुगते. मंजू म्हणाली, नर असं करतात. मोटर, मिक्सर, पाण्याची धार, कशालाही ओ देतात. मी मिक्सर लावून बघितला. मूग गप्प.

२५ मे

घरात चांगला मिक्सर आहे. नवरात्रात माझ्या दिरांनी, शिवराजभावोजींनी, आत्यांसाठीच आणला. तरी रोज दुपारी खलबत्ता. कारळ झालं, जवस झालं, शेंगा झाल्या, काल तर नुसतंच जिरं. चटण्यांनी बरण्या भरल्या आहेत, आम्ही दोघी खाणार किती? आणि तिकडं मूग ओरडतो, आणि आत्या त्याला म्हणतात, “व्हय बाबा, व्हय, ऐकायलेव.” मला दुपारी अर्धा तास डोळा लागत नाही. सांगितलं तर म्हणाल्या, मिक्सरात चव मरते.

समोरच्या अमरनाथच्या मुलीची आज हळद होती. आम्ही दोघी आहेर देऊन मागच्या खुर्च्यांवर बसलो, मंजूचे वडील गेल्यापासून नेहमी बसतो तसं. आत्यांनी कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेतलं आणि सगळा वेळ मांडवाकडं बघत होत्या. जेवल्या नाहीत. ऊन बाधलं असावं. घरी आल्यावर लिंबूपाणी दिलं तर म्हणाल्या, मला काय झालंय.

४ जून

शाळा सुरू झाली. पहिलीला मुलं कमी आणि पोर्टलवर कामं जास्त. दमून घरी आले तर पेटीत मारामारी. मी नाकतोडा टाकला. दोघांनी एकदमच झेप घेतली, आणि ढोबळीनं नाकतोडा सोडून मुगाचा मागचा पाय तोंडात धरला. गुडघ्यापर्यंत. मी चमच्याच्या दांड्यानं तिचं तोंड उघडलं.

मंजूला फोन. तिनं सांगितलं, आकारात एवढा फरक असला तर एकत्र ठेवणं धोक्याचं, मोठा छोट्याला खाऊसुद्धा शकतो, वेगळे कर. शाळेत एक जुनी काचेची माशांची पेटी पडून होती, ती उद्या आणते.

आत्यांना मी पाय दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. म्हणाल्या, “चावली व्हय. पर सोडली बी की.”

पाय मी सोडवला, हे त्यांना दिसलं नाही.

५ जून

वेगळे केले. ढोबळी जुन्या पेटीत, मूग नव्या पेटीत, दोन स्टुलांवर. आता माठाजवळ बसायला आत्यांनासुद्धा जेमतेम जागा उरली आहे.

“कामून वेगळं काढलीस त्यांला?”

मी कारण पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं नाही.

१३ जून

मूग खात नाही. ढोबळीच्या बाजूच्या काचेला चिकटून बसतो. पोटाची पांढरी कातडी काचेवर दाबलेली, चारी पंज्यांची गोल बोटं पसरलेली. ढोबळी त्याच्याकडं पाठ करून, पण त्याच बाजूला. मंजू म्हणते नव्या पेटीत ओलावा कमी असेल. मी दिवसातून चारदा फवारते. इस्त्रीची बाटली आता बेडकांची झाली आहे आणि माझ्या साड्या चुरगळलेल्या.

आज लवकर घरी आले तर मूग जुन्या पेटीत, ढोबळीच्या खाली, डोक्यावर पाय घेऊन निवांत. आत्यांनी उचलून ठेवला होता, ओल्या पदरात धरून. तिनं ह्याचा पाय तोडला तर, म्हणून मी आवाज चढवला. आत्या म्हणाल्या, मी समोर बसले होते की. म्हणजे काय. समोर बसल्यानं बेडूक चावायचा थांबतो का?

त्याला परत वेगळा केला. रात्रीचं जेवण आम्ही न बोलता केलं. तसं त्यात नवीन काही नाही.

२१ जून

पेरणी करून लोक आभाळाकडं बघत बसले आहेत. तुरीचं बियाणं जमिनीत आणि पाऊस गायब. गावात बेडकाचं लग्न लावायचं ठरलंय असं शाळेत ऐकलं. आमच्याकडं जुनी रीत आहे. बेडूक-बेडकीला हळद लावायची, पाटावर बसवून घरोघर फिरवायचं, बायका पाणी ओततात, पीठ-गूळ देतात, मग मारुतीपुढं अक्षता आणि जेवण, आणि जोडी विहिरीत सोडायची. ह्या वर्षी विहिरींना तळ लागलाय, बेडूकच सापडत नाहीत म्हणे.

संध्याकाळी आले तर तारेवर आत्यांची इरकली साडी वाऱ्याला टाकलेली. ट्रंकेतली, हिरव्या अंगाची, लाल टोप पदराची. मामंजी गेल्यापासून ती ट्रंकेतच आहे, मी त्यांच्या अंगावर कधी बघितलेली नाही. घडीच्या रेषेवर कापड विरलंय का, हे त्यांनी मला बघायला सांगितलं. मी म्हटलं, कुणाचं लग्न आहे? म्हणाल्या, बघू की. मला वह्या तपासायच्या होत्या.

२२ जून

इतका वैताग मला वर्षभरात आला नसेल.

शाळेला निघणार तोच दारात बायका. शेजारची कमलबाई पुढं, हातात हळदीचं ताट, मागं वाडीभरच्या बायका आणि एक हलगीवाला. “बाई, नवरी द्या,” कमलबाई म्हणाली. मला आधी कळेचना. मग कळलं. आत्यांनी चार दिवसांपूर्वीच कबूल केलं होतं. ढोबळी नवरी, मूग नवरा. घरचीच जोडी असताना शोधायला कशाला जाता, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि आतून आत्या आल्या, त्या इरकली साडीत, हातात पाट. पाटाला त्यांनी आंब्याची पानं बांधली होती.

मी समजावून सांगितलं. हे बेडूक कातडीनं श्वास घेतात, हळद लावली तर मरतील. उन्हात फिरवले तर मरतील. विहिरीत सोडायचे तर ते इथले नव्हेत, बाहेरचे आहेत. बायका ऐकत होत्या, पण कमलबाई आत्यांकडं बोट दाखवून म्हणाली, “राजूअक्कानं सबूद दिलाय, बाई.”

तेव्हा मी म्हटलं, “बेडूक मंजूचे आहेत. आत्यांनी कुणाला विचारून शब्द दिला?”

हलगीवाला थांबला. इतका वेळ तो हळूहळू वाजवत होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

आत्यांनी पाट भिंतीला टेकवला. “चला गं,” त्या बायकांना म्हणाल्या. “मास्तरीण म्हनती ते बराबर हाय. मला काय ठावं बेडकातलं.”

बायका गेल्या. आत्या आत जाऊन साडी बदलून आल्या. मी शाळेत गेले. माझं चुकलं असं मला वाटत नाही. दोन जीव वाचले. शब्द द्यायच्या आधी माणसानं विचारावं, एवढीच माझी अपेक्षा.

२३ जून

आत्या गेल्या. कलबुर्गीला, शिवराजभावोजींकडं. मी शाळेतून आले तर दाराला कुलूप आणि किल्ली कमलबाईकडं. बायकांना बस फुकट झाल्यापासून रुसणं फार सोपं झालं आहे. आधार कार्ड दाखवलं की झालं.

माठ भरून ठेवला होता. दोन्ही पेट्यांवर ओलं फडकं टाकलं होतं. चटण्यांच्या बरण्यांची झाकणं घट्ट लावलेली.

बरं झालं. मला शांतता हवीच होती.

२७ जून

शांतता. दुपारी झोपले. कुणी विचारलं नाही कामून झोपायलीस म्हणून. भाजीत मीठ कमी पडलं, कुणी सांगितलं नाही. टीव्हीवर मला हवं ते लावलं आणि बंद केलं.

मूग ओरडत नाही. खातो मात्र थोडं. हवामानाचा परिणाम.

२९ जून

कमलबाई ताट घेऊन आली. लग्न झालं, आणि बेडूक मिळालेच नाहीत म्हणून तिनं कणकेचे केले. कणकेची नवरी, कणकेचा नवरा, डोळ्यांना मिऱ्याचे दाणे. हळद लावली, मिरवले, अक्षता टाकल्या, आणि शेवटी पाण्यात सोडले तर माशांनी खाल्ले, कुणाचं काही बिघडलं नाही. ताटात हुग्गी होती, गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तूप.

मी म्हटलं, मग आधीच कणकेचे करायचे. माझ्या दारात का आलात?

कमलबाई बसली. तिला बसायला मी खुर्ची दिली, पण ती माठाजवळ फरशीवर बसली. आणि म्हणाली की मुलीकडची म्हणून कुणी उभं राहायचं हा प्रश्न होता. बेडकी ज्या घरची त्या घरची बाई मुलीची आई. ती पाट डोक्यावर घेते, पहिली हळद ती लावते. राजूअक्का स्वतःहून म्हणाली होती, मी उभारते. कुणी तरी म्हटलं, अक्का, तुम्ही कशा? तर ती म्हणाली,

“बेडकाच्या लग्नात कपाळ कोन बगतंय.”

कमलबाई हे सांगून हसली, कारण तेव्हा सगळ्याच हसल्या होत्या. आणि मग म्हणाली की तुमच्या लग्नात तरी राजूअक्का कुठं पुढं होती? मामंजी आधीच गेलेले. हळद तुमच्या थोरल्या चुलतसासूनं लावली.

हे खरं आहे. मला हळद कुणी लावली हे मी आजपर्यंत आठवून बघितलं नव्हतं.

हुग्गी झाकून ठेवली आहे. आज एवढंच.

७ जुलै

फोन केला. भावोजी म्हणाले, आई मजेत आहे. फोन द्या म्हटलं तर म्हणाले, आंघोळीला गेलीय. संध्याकाळी केला, तेव्हाही आंघोळीला. माझी जाऊ संध्या मात्र मोकळी आहे, तिनं सांगितलं. आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर न्हाणीघराच्या दारात बसतात. सोफा आहे, पंखा आहे, कूलर आहे. पण तिथंच बसतात, तिथं फरशी गार लागते म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते. उठा म्हटलं तर उठतात, आणि थोड्या वेळानं परत तिथंच. “अक्का, मी काय करू सांगा,” संध्या म्हणाली. तीही वैतागली आहे. मला तिचा राग आला आणि मग स्वतःचा, कारण तिनं वापरलेला प्रत्येक शब्द माझ्या ह्या वहीत आधीच आहे.

१२ जुलै

मंजूला विचारून मूग आणि ढोबळीला पुन्हा एका पेटीत ठेवलं. तिनं सांगितलेली युक्ती अशी की चिमट्यानं वेगवेगळं खायला घालायचं, एकीला ह्या कोपऱ्यात आणि एकाला त्या, आणि खाणं संपेपर्यंत समोरून हलायचं नाही. म्हणजे समोर बसायचं.

मुगाला मी ढोबळीपासून दूर, फांदीवर ठेवलं होतं. तो स्वतःच खाली उतरला, कोपऱ्यात गेला, आणि तिच्या पोटाखाली डोकं घालून बसला. तिनं एक पाय उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. ओलावा तिथं जास्त आहे, एवढंच ते कारण. फांदीवरही मी तेवढंच पाणी फवारलं होतं, पण असो.

कमलबाई बघत होती. म्हणाली, “मास्तरीण आज खूश दिसती.” मी म्हटलं, कशावरून? मला कुठं वेळ आहे खूश व्हायला. तर म्हणाली, तुम्ही न्हाई, ही. ढोबळी. राजूअक्का तिला मास्तरीण म्हणते, तुम्ही शाळेत गेलात की. मास्तरीण उठली, मास्तरीण रुसली, मास्तरणीनं त्याला उगंच चेपलं, आता बोलायची न्हाई दिसभर.

मी विचारलं, आणि मूग? त्याला काय म्हणते?

कमलबाई म्हणाली, त्याला काय म्हनंल, तिच्यावानी हाय, खाली बसून बडबडतो.

सव्वीस वर्षं मला वाटत होतं की खाली मी बसते आहे.

१४ जुलै

मंजू सुट्टीत बेडूक न्यायला येते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे की अजून थोडे दिवस. ती म्हणाली, मम्मी, तूच तर रोज वैतागत होतीस. वैतागत होते म्हणजे नकोत असं मी कधी म्हटलं? ही मुलगी खरंच फार सरळ आहे.

भावोजींना फोन केला. आंघोळ.

१६ जुलै

आज सुट्टी. कारळाची बरणी संपली. मिक्सर काढला, मग परत ठेवला. खलबत्ता घेतला. तो ओट्यावर बसत नाही, खाली फरशीवरच ठेवावा लागतो, आणि खाली सोयीची जागा म्हणजे माठाजवळची. म्हणून तिथं बसले. फरशी खरंच फार गार आहे. कुणी सांगितलं तरी कळलं नसतं इतकी.

कुटायला लागले. मुगानं काही दाद दिली नाही. आत्यांची लय वेगळी असते, दोन जड, एक हलका, मग जरा थांबून बत्ता फिरवायचा. तसं करून बघितलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी पेटीतून ते गेट ओढल्यासारखं सुरू झालं. ढोबळीला बरोबर डोक्यावर घेऊन ओरडत होता, त्याचा गळा फुगला की ती वर उचलली जायची आणि परत खाली यायची. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मी डाव्या हातानं संध्याला फोन लावला आणि म्हटलं, न्हाणीघराच्या दारात जा आणि त्यांच्या कानाला लाव, आंघोळीला गेल्या असं सांगू नकोस. तिनं लावला असावा. टीव्ही ऐकू येत होता आणि कुणाचा तरी श्वास. काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं. कुटत राहिले. मूग ओरडत राहिला.

बऱ्याच वेळानं आत्या म्हणाल्या, “हळू कूट. खल फुटंल.”

“कारळ आहे,” मी म्हटलं.

“ऐकायलेव की. भाजलं न्हाईस नीट.” मग जरा थांबून, “कुठं बसून कुटायलीस?”

“माठापाशी.”

तिकडं टीव्हीवर जाहिरात संपून दुसरी सुरू झाली.

“बसलीस व्हय शेवटी,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग होता की काय होतं, मला कळलं नाही. आता लिहितानाही कळत नाही. त्यानंतर मी जे म्हटलं ते एका दमात म्हटलं, मध्ये थांबले असते तर राहून गेलं असतं. त्या नाहीच म्हणणार, ह्याची मला खात्री होती. पहिल्यांदा विचारलेल्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी आजवर हो म्हटलेलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही. तरी म्हटलं:

“आत्या, आपल्या घरच्यांचं लग्न राहिलंय. कणकेची जोडी मी करते, हळद तुम्ही लावा. तुम्ही मुलीकडच्या, मी मुलाकडची. इरकली मी परत वाऱ्याला टाकलीय, घडीवर विरलेली नाही, नीट बघितलंय. उद्या सकाळच्या बसनं या. आणि इथं जरा सरकून बसलं तर दोघी मावतो. या.”